मेंदूतला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस: घरच्यांनी नेमकं काय करायचं, पायरीपायरीने

स्ट्रोक, डोक्याला मार, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश, यातलं काहीही घरात आलं की आठवड्याभरात कोणीतरी नातेवाईक अँटीऑक्सिडंटची बाटली घेऊन येतोच. मी न्यूरो फिजिओ आहे, परळ-लालबागपासून मुलुंडपर्यंत पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम घेते, आणि फ्रिजवर ठेवलेला औषधांचा डबा मला जवळजवळ प्रत्येक घरात दिसतो. त्यात डॉक्टरांच्या चार गोळ्या आणि बाकी सगळं "मेंदूसाठी चांगलं असतं" म्हणून आणलेलं. लोकांची तळमळ खरी असते, पैसे कष्टाचे असतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहायचं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसने मेंदूचं नुकसान होतं हे शंभर टक्के खरं, पण ते बहुतेक वेळा कॅप्सूलने थांबत नाही, वेळेत हॉस्पिटल गाठल्याने आणि बीपी-साखर-तंबाखू सांभाळल्याने थांबतं.

पायरी १: आत काय होतं ते समजून घ्या

हे वाचायला थोडा वेळ लागेल पण टाळू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास २० टक्के एकटा मेंदू खातो. पेशीतल्या मायटोकाँड्रियात या ऑक्सिजनवर ऊर्जा तयार होते आणि होता होता थोडा ऑक्सिजन अर्धवट राहून सुपरऑक्साइड नावाचा फार चळवळा रेणू बनतो. हे रोज, निरोगी माणसातही होतं. त्याला आवरायला शरीराकडे स्वतःची एन्झाइम्स आहेत. सुपरऑक्साइड डिसम्युटेज म्हणजे एसओडी, जे १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी शोधलं, ते सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, मग कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करून टाकतात. जोपर्यंत बनणं आणि आवरणं बरोबरीने चालतं तोपर्यंत काही बिघडत नाही, उलट थोड्या प्रमाणात हे रेणू पेशींना निरोप पोचवायच्या कामी येतात. बनणं वाढलं किंवा आवरणं कमी पडलं की तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, आणि हे रेणू आवरणारं जे काही ते अँटीऑक्सिडंट. हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९८५ मध्ये या कल्पनेची रीतसर मांडणी केली.

आता मेंदूच का सापडतो यात? एक तर ऑक्सिजनची एवढी उलाढाल, दुसरं म्हणजे मेंदूत कॅटालेज कमी, तिसरं लोह भरपूर, आणि लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतो (रॅडिकल म्हणजे असाच चळवळा रेणू) जो या सगळ्यात जास्त घातक. आणि चौथं, मेंदूच्या पेशींची आवरणं डीएचएसारख्या नाजूक चरबीने भरलेली असतात. जवसाचं किंवा शेंगदाण्याचं तेल उघडं राहिलं की खवट होतं ना, तीच केमिस्ट्री पेशीच्या आवरणात चालू होते, एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो आणि साखळी पुढे पुढे जात राहते.

स्ट्रोकमध्ये रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की ऊर्जा संपते, ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन बाहेर सांडतं, पेशींमध्ये कॅल्शियम घुसतं आणि मायटोकाँड्रिया बिघडतात. मग रक्त परत सुरू झालं की अचानक आलेल्या ऑक्सिजनवर सुपरऑक्साइडचा लोंढा उठतो, याला रिपर्फ्युजन इंज्युरी म्हणतात. हे ऐकून काही जण विचारतात की मग गुठळी काढूच नये का, तर असं अजिबात नाही, रक्त बंद राहण्याचं नुकसान कितीतरी पट मोठं आहे. जितक्या लवकर रक्त सुरू तितका लोंढाही लहान, म्हणून घाई.

पायरी २: स्ट्रोकची लक्षणं दिसली की घड्याळ बघा

मोठी रक्तवाहिनी बंद होऊन झालेल्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला साधारण १९ लाख न्यूरॉन म्हणजे मेंदूच्या पेशी मरतात असा २००६ सालचा हिशोब आहे. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात खाली घसरतोय, बोलणं बोबडं किंवा भलतंच, अचानक तोल जाणं, अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं, यातलं एक जरी दिसलं तरी "झोपू दे जरा, अ‍ॅसिडिटी असेल" म्हणत बसू नका.

पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून घ्या, किती वाजता सापडले ती नव्हे. आई रात्री दहाला नीट बोलून झोपली आणि सकाळी सहाला हात उचलत नाहीये, तर वेळ रात्री दहाचीच. हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न हाच येतो आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघत राहतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, मोठ्या वाहिनीतली गुठळी नळीने काढायची प्रोसिजर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत होऊ शकते, म्हणून उशीर झालाय असं स्वतःच ठरवून घरी थांबू नका.

१०८ ला फोन करा, आणि ते करत असताना दुसऱ्याने लिफ्टवाल्याला आणि वॉचमनला सांगून ठेवावं, कारण जुन्या बिल्डिंगमध्ये आणि चाळीत स्ट्रेचर जिन्यात वळत नाही आणि तिथेच पंधरा मिनिटं जातात, एक मजबूत प्लास्टिकची खुर्ची तयार ठेवली तर पेशंटला बसवून खाली आणता येतं. सगळ्यात जवळचं नर्सिंग होम हे बरोबर ठिकाण असेलच असं नाही. जिथे चोवीस तास सीटी स्कॅन आणि इंजेक्शन द्यायची सोय आहे तिथेच जायचं. आज, कोणी आजारी नसताना, आपल्या भागातल्या दोन हॉस्पिटलला फोन करून विचारून ठेवा, त्यात महापालिकेची केईएम, सायन, नायर, कूपर पण आली, आणि ईस्टर्न एक्सप्रेसवर संध्याकाळी सातला काय हाल असतात ते धरूनच ठरवा.

तोवर घरी काय करायचं नाही ते महत्त्वाचं. तोंडात पाणी-चहा नको, गिळता येत नसेल तर फुफ्फुसात जातं. अ‍ॅस्पिरिन स्वतःहून देऊ नका, स्ट्रोक गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे सीटीशिवाय कोणालाच कळत नाही. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी नको, बीपी धाडकन पडलं तर उरलेल्या मेंदूला रक्त कमी पडतं. डायबिटीस असेल तर ग्लुकोमीटरवर साखर बघा, साखर खूप खाली गेली तरी हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसतं. आणि कोविडपासून घरात ऑक्सिजनचं मशीन असेल तर ते लगेच लावायची सवय सोडा. सॅच्युरेशन ९४ च्या खाली असेल तर ऑक्सिजन लागतो, चांगलं असताना सरसकट ऑक्सिजन दिल्याने स्ट्रोकच्या पेशंटना फायदा होत नाही हे मोठ्या चाचणीत दिसलंय.

पायरी ३: डोक्याला मार

मुंबईत हे रोजचं आहे, लोकलच्या दारातून पडणं, बाईक स्लिप होणं, बाथरूममध्ये म्हातारं माणूस घसरणं. मार लागला त्या क्षणी जे फुटलं-तुटलं ते झालं, पण पुढचे काही तास आणि दिवस आत दुसरी इजा चालू राहते, सूज, ग्लुटामेट, आणि सांडलेल्या रक्तातलं लोह जे हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवत राहतं. ही दुसरी इजा कमी करायला एसओडीचं इंजेक्शन करून बघितलं, टिरिलाझाड नावाचं औषध बघितलं, दोन्ही प्राण्यांमध्ये छान चाललं आणि माणसांच्या मोठ्या चाचण्यांत काही हाती लागलं नाही. स्टेरॉइडचं तर उलटंच झालं, २००४ सालच्या क्रॅश चाचणीत दहा हजारांवर पेशंट होते आणि स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. म्हणून डोक्याला मार लागल्यावर कोणी "सूज उतरायला" स्टेरॉइड देत असेल तर थेट विचारा का देताय.

ज्याचा खरा उपयोग आहे ते साधं आहे. गंभीर मार असलेल्या पेशंटचं वरचं बीपी एकदा जरी ९० च्या खाली गेलं तरी मृत्यूचं प्रमाण साधारण दुप्पट दिसतं, ऑक्सिजन खाली जाणंही तितकंच वाईट. म्हणजे बेशुद्ध माणसाचा श्वासाचा मार्ग मोकळा ठेवणं, वाहतं रक्त दाबून धरणं आणि लवकर ट्रॉमा सेंटरला पोचवणं, हीच रस्त्यावर तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी अँटीऑक्सिडंट ट्रीटमेंट. मानेला मार असू शकतो म्हणून उगाच उठवून बसवू नका, उलटी होत असेल तर मान-धड एका रेषेत ठेवून दोघांनी मिळून कुशीवर वळवा. पोलिसांच्या भीतीने लांब उभे राहू नका, जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड सौम्य ते मध्यम मारात तीन तासांच्या आत दिलं तर मृत्यू कमी होतात असं २०१९ च्या क्रॅश-३ चाचणीत आलं, इथेही परत वेळच.

मार किरकोळ वाटला आणि घरी ठेवलं तर निदान २४ तास सोबत कोणीतरी हवं. परत परत उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, फिट, एक बाहुली मोठी, नाका-कानातून पाण्यासारखं काही, असं काही दिसलं की लगेच न्या. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील किंवा वय जास्त असेल तर काहीच न दिसताही एकदा दाखवून घ्या. दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको. आणि म्हाताऱ्या माणसांत मेंदूवर हळूहळू रक्त साचून दोन-तीन आठवड्यांनी चालणं बिघडू शकतं, तेव्हा "परवा पडले होते" हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. हेल्मेटबद्दल वेगळं काय सांगणार, मागे बसणाऱ्यानेही घालायचं आणि पट्टा लावायचा, पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना तुमच्याआधी निघून जातं.

पायरी ४: बाथरूममधला गॅस गिझर

हा विषय या लेखात का, तर कार्बन मोनॉक्साइडने होणारी मेंदूची इजा बऱ्याच अंशी याच मार्गाने होते. हा वायू हिमोग्लोबिनला धरून बसतो, मेंदूचा ऑक्सिजन तुटतो, आणि नंतर ऑक्सिजन परत आला की चरबीचं ते खवट होणं सुरू होतं. म्हणून काही पेशंट शुद्धीवर येतात, घरी जातात, आणि २ ते ४० दिवसांनी विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात अडखळणं असं सुरू होतं.

आपल्याकडे बाथरूम चार बाय चारचं, खिडकीला थंडीत पुठ्ठा लावलेला, आणि आत गॅस गिझर. गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या, ते जमत नसेल तर बादली भरा, गिझर बंद करा, हवा जाऊ द्या आणि मगच दार लावून आंघोळ करा. आत कोणी बेशुद्ध सापडलं तर आधी दार-खिडकी उघडून बाहेर ओढा, स्वतः आत थांबू नका. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं, ९८ दाखवेल आणि माणूस मरायला टेकलेला असेल, कारण त्या यंत्राला दोन वायूंमधला फरक कळत नाही. हॉस्पिटलमध्ये "गॅस गिझर चालू होता" हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा. इथे मात्र जोरात शुद्ध ऑक्सिजन हाच उपचार, त्याने हा वायू साध्या हवेपेक्षा कितीतरी लवकर रक्तातून निघतो. आणि घरी आल्यावर सहा आठवडे नीट लक्ष ठेवा.

पायरी ५: फ्रिजवरचा डबा खाली काढा

एका संध्याकाळी सगळं टेबलावर ओता. प्रत्येक पाकिटासमोर दोनच प्रश्न, हे कोणी लिहून दिलं आणि कशासाठी. उत्तर नसलेलं सगळं एका पिशवीत घालून पुढच्या ओपीडीला न्या, पण चालू असलेलं काहीही आपल्या मनाने बंद करू नका, विशेषतः फिटची, पार्किन्सन्सची आणि रक्त पातळ करायची गोळी.

ती हिरवी ई व्हिटॅमिनची कॅप्सूल सगळ्यात जास्त दिसते. २०१० साली अनेक चाचण्या एकत्र करून बघितलं तेव्हा ई व्हिटॅमिनने गुठळीचे स्ट्रोक १० टक्के कमी झाले पण रक्तस्रावाचे २२ टक्के वाढले, आणि रक्तस्रावाचा स्ट्रोक जास्त जीवघेणा. सिलेक्ट नावाच्या मोठ्या चाचणीत रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. दुसरी बाजूही सांगते, सौम्य ते मध्यम अल्झायमर्समध्ये रोज २००० युनिटने रोजची कामं करायची क्षमता थोडी हळू घटली असं २०१४ च्या एका अभ्यासात आलं, स्मरणशक्तीत मात्र फरक नव्हता. हा निर्णय न्यूरॉलॉजिस्टचा आहे, मेडिकलवाल्याचा नाही.

सिटिकोलीन ही मेंदू सावरायला म्हणून दिली जाणारी गोळी आपल्याकडे सर्रास लिहितात. २०१२ मध्ये स्ट्रोकसाठी एक आणि डोक्याच्या मारासाठी एक अशा दोन मोठ्या चाचण्या आल्या, दोन्हीत फायदा दिसला नाही. घेतल्याने मोठं नुकसान नाही, पण महिन्याच्या बजेटमध्ये ती आणि फिजिओ यातलं एकच बसत असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणी बोला. एडाराव्होन या अँटीऑक्सिडंट औषधाचं इंजेक्शन जपानमध्ये २००१ पासून स्ट्रोकला वापरतात आणि इथेही बरेच डॉक्टर देतात, त्याला काही आधार आहे, पण ते हॉस्पिटलमधलं औषध आहे, महिनाभराने क्लिनिकमध्ये जाऊन लावायचं सलाईन नाही. याच जातीचं एनएक्सवाय-०५९ हे औषध २००६ च्या पहिल्या चाचणीत चांगलं वाटलं आणि पुढच्याच वर्षी दुप्पट मोठ्या चाचणीत साफ फेल गेलं. ग्लुटाथायोनची ड्रिप घेऊ नका. शिरेतून दिलेलं ग्लुटाथायोन मेंदूत सहजी पोचत नाही आणि ज्यांना ती विकतात ते बहुतेक हताश झालेले असतात, मला याचा फार त्रास होतो.

पार्किन्सन्सवाल्यांसाठी दोन गोष्टी. या आजारात मेंदूत कमी पडणारं रसायन म्हणजे डोपामीन, आणि लेव्होडोपा ही त्याची भरपाई करणारी मुख्य गोळी. डोपामीन स्वतः ऑक्सिडाइज होतं हे खरं, त्यावरून लेव्होडोपा विषारी आहे आणि जितकी उशिरा चालू करू तितकं बरं अशी समजूत पसरली आणि लोक विनाकारण वर्ष-दोन वर्षं कुढत काढतात. २०१९ मध्ये लीप चाचणीत लेव्होडोपा लगेच सुरू केलेले आणि ४० आठवड्यांनी सुरू केलेले असे गट होते, ८० आठवड्यांनंतर आजाराच्या वेगात फरक नव्हता. म्हणजे डॉक्टर म्हणतायत तेव्हा सुरू करा. दुसरं, खाजकुइलीच्या बियांची पावडर, म्हणजे कवचबीज चूर्ण. त्यात खरंखुरं लेव्होडोपा असतं, गोळीच्या जोडीला घेतलं तर डोस किती झाला हे कोणालाच कळत नाही आणि अंग वाकडंतिकडं हलायला लागतं, भास होतात. घेत असाल तर लपवू नका. को-क्यू टेन हे अँटीऑक्सिडंटही मोठ्या डोसमध्ये करून बघितलंय, फायदा नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली, तिचा निकाल २०१४ मध्ये छापून आला.

पायरी ६: रोजचं

औषधाबाहेरचं सगळं मिळून जो फरक पडतो तो मोठा आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या कमिशनने १४ गोष्टी सांगितल्या ज्या सांभाळल्या तर जगातला साधारण ४५ टक्के डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकतो, त्यात बीपी, डायबिटीस, धूम्रपान, डोक्याचा मार, हवेचं प्रदूषण, आणि कमी ऐकू येणंसुद्धा आहे. वडिलांना कानाचं मशीन घेऊन द्या.

तंबाखूत मिश्रीही आली, बायका तिला तंबाखू मोजतच नाहीत. घोरताना श्वास अडकत असेल तर स्लीप स्टडी करा, रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होत राहणं म्हणजे छोट्या प्रमाणात तोच लोंढा रोज. शाकाहारी असाल किंवा डायबिटीसची मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ तपासा. चालायला जाणं सगळ्यात वर, आठवड्याला १५० मिनिटं. व्यायामात रॅडिकल्स वाढतात आणि त्या धक्क्यानेच शरीर आपली एन्झाइम्स वाढवतं, २००९ च्या एका अभ्यासात व्यायामासोबत मोठ्या डोसचं सी आणि ई व्हिटॅमिन दिलं तर इन्सुलिनवरचा फायदाच पुसला गेला होता. फक्त डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरकं असताना हायवेच्या कडेने चालू नका. पीएम २.५ म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, त्यांची आपली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५, अ‍ॅपवर आकडा बघा आणि तेवढे दिवस घरात किंवा उशिरा उन्हं आल्यावर चाला. बंद खोलीत मच्छर अगरबत्ती लावण्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

खाण्यात फॅन्सी काही नको. बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा, कमी तेलात, कारण हे मासे डीएचएचे, आणि ते खूप तळून काढले तर कशाला खाल्ले. शाकाहाऱ्यांनी जवसाची चटणी, थोडीथोडी ताजी करा. कोबी, मुळा, मोहरीचा पाला, मेथी, आवळा, जांभूळ, हे पेशीतली आपलीच यंत्रणा जागी करतात असं दिसतंय. "यात इतकी अँटीऑक्सिडंट पॉवर" असल्या आकड्यांना भुलू नका, ज्या यादीवरून ते आकडे यायचे ती अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये मागे घेतली. तळणाचं तेल फेसाळायला लागलं, काळपट-चिकट झालं, लवकर धूर यायला लागला की टाकून द्या, एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने हॉटेलांना तेलातल्या खराब घटकांची मर्यादा २५ टक्के घातलीय, गाडीवरच्या कढईत ती पाळतात का हे तेलाकडे एक नजर टाकली तरी कळतं.

शेवटचं, रक्तातली ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस टेस्ट म्हणून हजारोंची पॅकेजेस विकतात. रिपोर्ट काहीही आला तरी तुमचा उपचार त्यावरून बदलत नाही, करू नका. त्यापेक्षा दंडाला लावायचं बीपी मशीन घ्या, मनगटाचं नको. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. घरी सतत १३५/८५ च्या वर येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. २०१९ मध्ये आलेल्या स्प्रिंट माइंड चाचणीत वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांत स्मरणशक्तीची सुरुवातीची घसरण १९ टक्क्यांनी कमी दिसली, तुमच्या घरातल्या पेशंटला किती खाली चालेल ते मात्र वय, चक्कर, किडनी बघून डॉक्टरच ठरवतील, म्हणून वहीत उठल्यावर चक्कर आली का हेही लिहीत जा.